रक्ताचा नमुना : दान की ठेव?

इ. स. 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात शुक्ल आणि सोळंकी ह्या संशोधकांचे एक लहानसे टिपण प्रसिद्ध झाले. मध्य भारतातील लोकांच्या रक्तात सिकलसेलचे लक्षण सापडते, ही गोष्ट त्या टिपणाने जगाच्या नजरेस आणली. त्यापूर्वी सहा वर्षे, म्हणजे 1952 मध्ये, लेहमन व कटबुश ह्यांना निलगिरीच्या आदिवासींत आणि डनलॉप व मुजुमदार ह्यांना आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत हेच लक्षण आढळले होते. नागपूर आणि सिकलसेल ह्यांचे जे नाते आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते, त्याची नोंद होण्यास 1958 च्या सुमारास आरंभ झाला, असे म्हणावयास हरकत नाही. तेव्हापासून विदर्भातील असंख्य माणसांनी शाळेच्या पडवीत, आश्रमशाळेच्या अंगणात, बाजाराच्या दिवशी उभारलेल्या मांडवात आपले बोट पुढे केले आहे. त्या रक्ताचे शास्त्रास काय मोल झाले ह्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. देणाऱ्याच्या दृष्टीने ते रक्त काय होते, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात तोच विचारार्थ घेतला आहे.

प्रथम रोगाविषयी आवश्यक तेवढे सांगणे इष्ट होईल. सिकलसेल हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष होय. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे पहिले वर्णन शिकागोच्या हेरिकने 1910 मध्ये केले. 1949 मध्ये पॉलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी हा रेणूतील बिघाडाने होणारा रोग आहे असे दाखविले. दोष आई किंवा बाप ह्यांपैकी एकाकडूनच आला तर माणूस ‘वाहक’ ठरतो, दोघांकडून आला तर ‘ग्रस्त’. वाहकास बहुधा कसलाच त्रास होत नाही. तो शेतात राबतो, म्हातारा होतो, आणि आपण वाहक आहोत हे त्यास जन्मात कळतही नाही. परंतु दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गरोदरपणी मूल ग्रस्त होण्याचा संभव चारात एक असतो. ह्या साध्या गणितामुळे सिकलसेलच्या तपासणीतील रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत थांबत नाही. तो सोयरिकीच्या बैठकीत जाऊन बसतो.

ह्या नमुन्यांतून जे हाती आले ते थोडे नाही. 1986 मध्ये कुलोझिक आदि संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, भारतातील व अरबस्तानच्या पूर्व भागातील सिकलसेलचे जनुक आफ्रिकेतील जनुकाहून स्वतंत्रपणे उद्भवले असावे. ह्या अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण पुढेही बरेच टिकून राहते आणि त्यामुळे रोग सौम्य असतो, असे मत रूढ झाले. ते ओडिशातील अनुभवाशी पुष्कळसे जुळत होते. विदर्भातील रुग्णालयांत मात्र हाडे फुटल्यागत वेदनांनी तळमळणारी, पुन्हा पुन्हा रक्त चढवावे लागणारी मुले येतच होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या मुलांच्या नोंदी व रक्ततपासण्या ह्यांच्या आधारे येथील रोग सौम्य नाही हे मांडले. तीव्र त्रास असलेल्या मुलांस हायड्रॉक्सियुरिया हे औषध वजनाच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम अशा ठरीव अल्प मात्रेत दिल्यास लाभ होतो, असेही त्यांनी 2012 मध्ये दाखविले. मात्रा वाढवीत नेण्यासाठी वारंवार तपासण्या कराव्या लागतात. ज्या कुटुंबास तालुक्याचे गाव गाठण्यास एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्यास ठरीव अल्प मात्रेचा अर्थ काय हे सांगावयास नको. विदर्भातील लोकांनी रक्त दिले नसते तर परक्या मुलखातील निष्कर्षांवरच येथील मुलांचे उपचार ठरत राहिले असते.

एवढे उघड हित असताना लोक नमुना देण्यास का कचरतात, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांस स्वाभाविकपणे पडतो, आणि मग प्रश्नावली तयार होते. “वैद्यकीय संशोधनासाठी आपण रक्त द्याल काय?” ह्यापुढे होय, नाही, सांगता येत नाही असे तीन चौकोन. माझ्या मते ह्या प्रश्नाने मुख्यतः मोजला जातो तो उत्तर देणाऱ्याचा सभ्यपणा. दारात आलेल्या शिकलेल्या माणसास तोंडावर नाही म्हणण्याची रीत आपल्याकडे नाही. नकार निराळ्या मार्गाने येतो. शिबिराच्या दिवशी माणूस रानात जातो, पाहुणा आल्याचे निमित्त निघते, घरचा कर्ता पुरुष बाहेरगावी असतो. शिवाय प्रत्येक गैरहजेरी हा नकारच असतो असेही नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडे मार्च-एप्रिलात मोहफुले वेचावयाची असतात आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडावयाचा असतो. त्या दिवसांत शिबिर भरवून उपस्थिती थोडी म्हणून अहवालात ‘असहकार’ असा शेरा मारणारा संशोधक गावाची वृत्ती मोजीत नाही, स्वतःच्या दिनदर्शिकेची चूक मोजतो.

ह्या भागात काम करणाऱ्यांच्या कानी पडणारे प्रश्न प्रश्नावलीतील चौकोनांपेक्षा अधिक बोलके असतात. “एवढं रगत काढलं, आता अंगात येईल का?” हा प्रश्न नवख्यास हास्यास्पद वाटतो, पण ज्याच्या अंगात आधीच रक्त कमी आहे आणि ज्याचे पोट हातावर आहे, त्याने तो विचारू नये तर कोणी विचारावा? “हे विकता तर नाही ना?” हा दुसरा प्रश्न. तोही कल्पनेच्या राज्यातील नव्हे. पैसे देऊन रक्त विकत घेण्याची पद्धत आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निर्णयानंतर 1 जानेवारी 1998 पासून बंद झाली. तोवर रक्ताचा बाजार ही शहरांतील उघड वस्तुस्थिती होती. आणि तिसरा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: “मागं नेलं होतं, त्याचं काय झालं?” ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता न आल्यामुळे जितकी शिबिरे ओस पडली असतील, तितकी भीतीमुळे पडली नसावीत.

भीतीचा इतिहास आहे, आणि तो नीट पाहिला पाहिजे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. दवाखान्यात माणसास उलटे टांगून त्याच्या अंगातून ‘मोमियाई’ नावाचे औषध काढतात, अशी वदंता त्या काळात अनेक ठिकाणी पसरली होती. आपण ती वाचून हसतो. परंतु 1897 च्या साथरोग कायद्याने घरात शिरून माणसे उचलून नेण्याचा अधिकार सरकारास दिला, नेलेली माणसे पुष्कळदा परतली नाहीत, आणि नेण्यापूर्वी कोणी कोणास विचारले नाही, ह्या तीन गोष्टी खऱ्या होत्या. वदंतेतील औषध खोटे होते. तिच्यामागील अनुभव खोटा नव्हता.

संशोधकांनी लोकांस नेहमी खरे सांगितले असेही नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात सालोनिका येथे लुडविक व हान्ना हिर्शफेल्ड ह्या दांपत्याने निरनिराळ्या राष्ट्रांच्या सैनिकांचे रक्त तपासून रक्तगटांचा पहिला मोठा तौलनिक अभ्यास 1919 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हिंदी सैनिकही होते. ‘बी’ गटाचे प्रमाण आपल्याकडे अधिक आहे, हे शास्त्रास त्यातूनच प्रथम कळले. पुढे हिर्शफेल्डने आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, इंग्रज सैनिकास हे शास्त्रासाठी आहे एवढे सांगणे पुरत असे, आणि आफ्रिकी सैनिकांस मात्र ह्या तपासणीवरून रजा कोणास मिळावी ते ठरेल असे सांगितले गेले. त्याबरोबर त्यांनी हात पुढे केले. हिंदी सैनिकास काय सांगितले गेले असेल ह्याचा तर्क वाचकांनीच करावा. मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी ही कथा विसरू नये, कारण आपल्या विद्याशाखेतील पुष्कळसे प्रारंभीचे रक्तविषयक ज्ञान अशाच वाटेने आलेले आहे. नमुना देणाऱ्याच्या संमतीची नोंद शास्त्रीय लेखात करण्याचा दंडकच मुळी हेलसिंकीच्या 1964 च्या जाहीरनाम्यानंतर हळूहळू रूढ झाला.

अमेरिकेतील एक उदाहरण आपल्या प्रश्नास अधिक जवळचे आहे. ॲरिझोनातील हवासुपाई ह्या लहानशा आदिवासी जमातीत मधुमेहाने थैमान घातले होते. 1990 च्या सुमारास तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी जमातीच्या लोकांचे रक्त घेतले; हे मधुमेहासाठी आहे अशी लोकांची समजूत होती. पुढे त्याच रक्तावर मनोविकार, जमातीतील अंतर्गत विवाह आणि तिचे मूळ स्थलांतर ह्यांविषयी अभ्यास झाले. ही गोष्ट जमातीस बाहेरून कळली. आपण ह्याच दरीतून उद्भवलो अशी ज्यांची श्रद्धा, त्यांच्याच रक्तावरून ते आशियातून आले असे मांडले गेले. 2004 मध्ये दावा दाखल झाला. 2010 मध्ये विद्यापीठाने 41 जणांस मिळून 7 लाख डॉलर दिले आणि शीतकपाटातील उरलेले रक्त जमातीच्या स्वाधीन केले. येथे सुई टोचण्याची भीती कोठेच नव्हती. रक्त खुशीने दिले होते. जे मोडले ते, कशासाठी दिले ह्याविषयीचे वचन.

हवासुपाईंच्या प्रकरणातील आणखी एक गोष्ट विदर्भास लागू पडते. संमती एकेका व्यक्तीने दिली होती. बोभाटा झाला तो सबंध जमातीचा. आपल्याकडील सिकलसेलच्या प्रारंभीच्या पाहण्या जातवार झाल्या आणि जातवारच प्रसिद्ध झाल्या. महार, कुणबी, तेली, गोंड, परधान, माडिया, कोरकू अशी नावे आणि त्यांपुढे टक्केवारी, असे तक्ते आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. शास्त्राच्या दृष्टीने त्यास कारण होते. विवाह जातीत होतात, म्हणून जनुकाची वारंवारताही त्या मर्यादेत मोजावी लागते. परंतु त्या तक्त्यांतून हा अमक्यांचा रोग आहे अशी समजूत बाहेर गेली, आणि ती ज्या लोकांविषयी गेली त्यांतील बहुतेकांना समाजाने आधीच पुष्कळ डाग लावलेले होते. ज्याने बोट पुढे केले त्याने आपल्या जातभाईंच्या वतीनेही काही देऊन टाकले होते, आणि तसे करण्याचा अधिकार त्यास कोणी दिला नव्हता. व्यक्तीच्या संमतीपत्रात ह्या गोष्टीसाठी रकाना नसतो.

वाहक ठरलेल्या मुलीचे काय होते, हे येथे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. मुलाच्या बाबतीत ‘निघालं काहीतरी’ म्हणून जे विसरले जाते, तेच मुलीच्या बाबतीत लग्न जुळवताना पुढे येते. महाराष्ट्रात 2008 नंतर सुरू झालेल्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमात तपासणीचा निष्कर्ष कार्डाच्या रूपाने हाती देण्याची पद्धत आली. रंगावरून वाहक कोण व ग्रस्त कोण हे झटकन कळावे ही सोय आरोग्यसेविकेसाठी उत्तमच. पण कार्ड घराच्या फडताळात राहते आणि घरात येणाऱ्या पाहुण्यासही रंग कळतो. म्हणून काही आया मुलीची तपासणी लग्नानंतर करू असे म्हणतात. वैद्यकाच्या दृष्टीने ही नेमकी उलटी रीत झाली, कारण तपासणीचा सारा उपयोग लग्नापूर्वी. आईच्या दृष्टीने मात्र तो हिशेब चुकीचा नाही. तपासणीतील लाभ भावी नातवंडाचा, तोटा आजच्या मुलीचा, आणि दोन्ही एकाच थेंबात.

आता शब्दांकडे वळू. आपण लोकांकडे जे मागतो त्यास ‘नमुना’ म्हणतो. शेतकऱ्याच्या कानास नमुना म्हणजे गाव नमुना सात-बारा. तलाठ्याच्या दप्तरातील तो कागद, ज्यावर नाव चढले तर जमीन आपली आणि उतरले तर दुसऱ्याची. त्याखाली आपण अंगठा मागतो. अंगठा देऊन काही आले अशी उदाहरणे त्याच्या घराण्यात थोडी, अंगठा देऊन काही गेले अशी फार. संमतीपत्राचे वाचन ऐकताना माणूस का गप्प होतो, ह्याचे उत्तर मानसशास्त्रात शोधण्यापूर्वी सावकारीच्या इतिहासात शोधावे.

दुसरा शब्द ‘दान’. रक्तदान, नेत्रदान, देहदान ह्यांच्या ओघात ‘नमुनादान’ असाही शब्द बनू पाहत आहे. दान ही आपल्याकडे अत्यंत आदराची क्रिया आहे, म्हणून हा शब्द उपयोगी पडेल अशी योजकांची अपेक्षा. परंतु दानाचा अर्थ काय? धर्मशास्त्राच्या परंपरेत दान म्हणजे वस्तूवरील आपला हक्क सोडून तेथे दुसऱ्याचा हक्क निर्माण करणे. दान दिल्यावर त्या वस्तूचे पुढे काय झाले हे विचारावयाचे नसते. विचारणे हेच दानास उणेपणा आणणारे. रक्तपेढीत दिलेल्या रक्तास हे वर्णन लागू पडते. ते कोणा अनोळखी माणसास चढते आणि दोन-तीन महिन्यांत विषय संपतो. संशोधनाचा नमुना संपत नाही. तो उणे 80 अंशांवर वर्षानुवर्षे राहतो, त्यातील जनुके देणाऱ्याच्या भावंडांविषयी व मुलांविषयीही बोलतात, आणि आज जे प्रश्न कोणास सुचलेले नाहीत ते उद्या त्यास विचारले जातात. अशा वस्तूस दान म्हणणे म्हणजे “काय झालं?” हा प्रश्न विचारण्याचा हक्कच गोड शब्दांत काढून घेणे होय.

मार्सेल मोस ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने देणगीवरील आपल्या 1925 च्या निबंधात असे प्रतिपादिले की, दिलेल्या वस्तूबरोबर देणाऱ्याचा काही अंश जातो, आणि म्हणून परतफेडीचे बंधन निर्माण होते. त्याचे हे विवेचन रूपकात्मक मानण्याची प्रथा आहे. रक्ताच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

मग योग्य शब्द कोणता? मला वाटते ‘ठेव’. ही माझी कल्पना असली तरी तिला आधार आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत जैविक द्रव्ये व त्यांच्या पेढ्या ह्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात भूमिका अशी घेतली आहे की, नमुन्याचा धनी तो देणारा सहभागी होय. संस्था ही त्याची केवळ राखणदार, विश्वस्त. सहभागी आपला नमुना परत मागू शकतो. संमतीचेही अनेक प्रकार त्या ठिकाणी सांगितले आहेत. ह्याच एका अभ्यासापुरती, ठराविक क्षेत्रापुरती, पुढील सर्व उपयोगांसाठी व्यापक, किंवा पायऱ्यापायऱ्यांनी निवडण्याची. म्हणजे नियमाच्या ग्रंथात ठेव आणि भिंतीवरील फलकावर दान, अशी आपली आजची स्थिती आहे.

जुन्या व्यवहारशास्त्रात ठेवीचा विचार बारकाईने केलेला आढळतो. वादांची जी अठरा पदे मनुस्मृतीत गणली आहेत त्यांत ऋणादानानंतर लगेच निक्षेप, म्हणजे ठेव, येते. आणि निक्षेपानंतर अस्वामिविक्रय, म्हणजे धनी नसलेल्याने वस्तू विकणे. क्रम सूचक आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत आणखी एक प्रकार येतो, उपनिधी: डबीत बंद करून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती सोपविलेली वस्तू, जी जशीच्या तशी परत करावयाची. रक्ताची कुपी ही अशीच बंद डबी. फरक इतकाच की, आत काय आहे हे येथे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. ज्यांच्या रक्ताविषयी आपण बोलत आहोत त्यांतील बहुतेकांना ह्या स्मृतींनी न्यायाच्या दारात उभे केले नव्हते, हे मी विसरलेलो नाही. 1956 मध्ये नागपुरातच लक्षावधी लोकांनी त्या परंपरेकडे पाठ फिरविली, आणि ती सकारण फिरविली. तरीही ठेवीची कल्पना स्मृतींची मिरास नाही. शेजारणीकडे डाग ठेवून परगावी जाणाऱ्या बाईस ती कोणत्याही ग्रंथावाचून समजते.

ठेवीच्या कल्पनेत एक खरी अडचण आहे, आणि ती लपविणे योग्य होणार नाही. गुप्ततेसाठी नमुन्यावरील नाव काढून टाकावे असे आपण शिकवितो. नाव अशा रीतीने काढले की पुन्हा जोडता येऊ नये, तर सोयरिकीच्या बैठकीत तो थेंब जाण्याची भीती उरत नाही. परंतु मग परत मागण्याचा हक्कही उरत नाही, कारण कोणती कुपी कोणाची हे कोणासच सांगता येत नाही. पुढे त्या रक्तात उपचार करण्याजोगे काही सापडले तरी निरोप कोणाकडे धाडावयाचा? सांकेतिक क्रमांक देऊन त्याची किल्ली एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवणे हा मधला मार्ग आहे. पण त्या व्यक्तीवर विश्वास हवा, आणि ती पाच-दहा वर्षे त्याच जागी असावयास हवी. प्रकल्पाचा निधी तीन वर्षांचा आणि ठेव तीस वर्षांची, अशी विषम जोडी आपल्या बहुतेक संस्थांत दिसते. ह्यावर निर्दोष उपाय माझ्यापाशी नाही. निवड मात्र देणाऱ्याची असावी. त्याच्या वतीने ती समितीने परस्पर करून टाकू नये.

विश्वास कसा मिळतो ह्याचे एक उदाहरण विदर्भातच आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत स्त्रियांच्या रोगांची पाहणी केली. ती 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ह्या पाहणीत 650 स्त्रियांनी अंतर्गत तपासणी करू दिली आणि तपासणीसाठी नमुने दिले. रक्ताच्या थेंबापेक्षा हे मागणे कितीतरी अवघड होते. त्यांतील केवळ 8 टक्के स्त्रियांची तशी तपासणी पूर्वी कधी झाली होती. 92 टक्के स्त्रियांत एक वा अधिक विकार आढळले, आणि दर स्त्रीमागे विकारांची सरासरी 3.6 इतकी निघाली. आपली ग्रामीण स्त्री लाजाळू, ती असली तपासणी कदापि करू देणार नाही, असे सांगणाऱ्यांना ही संख्या पुरेशी आहे. ज्या दुखण्याविषयी त्या बायका आपसांत बोलत आणि दवाखान्यात बोलू शकत नव्हत्या, तेच विचारावयास कोणी आले होते. विचारणारी डॉक्टर स्त्री होती. पाहणी संपल्यावर बंग दांपत्य तेथून निघून गेले नाही, हेही ह्यासोबत नोंदले पाहिजे.

सिकलसेलच्या बाबतीतही रुग्णांचे कुटुंबीय स्वतः पुढे आले तेव्हा चित्र पालटले. नागपुरात संपत रामटेके ह्यांच्या पुढाकाराने सिकल सेल सोसायटी उभी राहिली. नमुने देणारे लोक तेथे मागण्या करणारे झाले. औषध द्या, दाखले द्या, सवलती द्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला त्यामागे अशा संघटनांच्या खटपटीचा वाटा होता. ह्या लोकांत संशोधनाविषयी अनास्था नव्हती. आपल्या रक्ताच्या बदल्यात काय हवे हे त्यांस स्पष्टपणे सांगता येत होते, एवढेच.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. शून्य ते चाळीस वर्षे वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट, 2047 ही निर्मूलनाची मर्यादा, आणि त्यात समाविष्ट 17 राज्यांत महाराष्ट्रही आहे. ह्या प्रचंड योजनेत तपासणी आणि संशोधन ह्यांमधील रेषा कोठे काढावयाची, हा प्रश्न विदर्भातील प्रत्येक आरोग्य केंद्रात उभा राहणार आहे. तपासणीसाठी घेतलेल्या रक्ताचे तपासणीनंतर जे उरते ते फेकावयाचे की राखावयाचे? राखावयाचे असल्यास ते कोणास विचारून? बोट टोचताना दिलेली संमती उपचारासाठी होती; ती संशोधनास आपोआप लागू होते असे मानणे ही हवासुपाईंच्या बाबतीत घडलेलीच चूक होय, केवळ आकड्याने कोट्यवधींची.

आपल्या विभागातून पुढील वर्षांत जे विद्यार्थी क्षेत्रकार्यास जातील, त्यांच्या संमतीपत्राच्या मसुद्यात दोन बदल करून पाहण्यासारखे आहेत. ‘मी माझ्या रक्ताचा नमुना संशोधनासाठी दान करीत आहे’ ह्या वाक्याऐवजी ‘मी माझे रक्त अमुक कामासाठी ह्या संस्थेकडे ठेवण्यास देत आहे, दुसऱ्या कामासाठी वापरावयाचे असल्यास मला विचारावे / विचारण्याची गरज नाही’ असे लिहावे, आणि तिरप्या रेषेच्या कोणत्या बाजूस खूण करावयाची ते देणाऱ्यावर सोडावे. आणि पत्राच्या शेवटी, जेथे आज केवळ अंगठ्याची जागा असते, तेथे एक तारीख लिहावी. त्या तारखेस संशोधक गावात परत येऊन, ग्रामसभेत उभा राहून, नेलेल्या रक्ताचे काय झाले ते सांगेल. ती तारीख मोहाच्या किंवा तेंदूच्या दिवसांत नसावी.